कापसातली बाळंतीण

"आपल्या पोरीच्या वाट्याचं बोलणं देवानं या कुत्रीले देल्लं वाट्टे, बाई."

दाराच्या पलीकडून काकू आईला म्हणाली. मी दाराच्या अलीकडे, कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसले होते. मांडीवर पाण्याचं वाडगं होतं. दार ओढून घेताना काकूनं मला पाहिलं होतं की नाही, हे मला अजून सांगता येणार नाही. आई हसली. मोठ्यानं नाही, नाकातून श्वास सोडल्यासारखी. "असू दे वं," एवढंच म्हणाली.

कुत्री अजून गुरगुरत होती. ती व्याली त्याला पाच दिवस झाले होते. आमच्याकडे कुत्री व्याली की गल्लीतल्या पोरीबाळी घरोघर फिरून पीठ, तेल, गूळ मागून आणतात आणि कोणाच्या तरी चुलीवर त्याचा शिरा करून तिला घालतात. कुत्री पाळलेली आहे की रस्त्यावरची, हे कोणी विचारत नाही. बाळंतीण ती बाळंतीण. यावेळचा शिरा काकूच्या चुलीवर झाला होता आणि काकूला तो स्वतःच्या हातानं वाढायचा होता. कुत्रीनं तिला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मग काकूनं थाळी उंबरठ्यावर ठेवली, दार ओढलं आणि ते वाक्य बोलली.

मी थाळी आत ओढली. कुत्री माझ्यावर गुरगुरली नाही. शिरा गरम होता म्हणून मी बोटांनी तो मोकळा केला, आणि ती माझ्या हाताजवळ तोंड आणून वाट पाहत राहिली. बाहेर त्या दोघींचं बोलणं कधीच दुसऱ्या विषयावर गेलं होतं.

आमचं घर सेवाग्रामच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत आहे. घरात बाबा, आई, काका, काकू आणि मी. काका-काकूंची मुलगी लग्न होऊन गेली. माझी शाळा वर्ध्याला, इंग्रजी माध्यमाची. बारा वर्षं मी बसनं जाऊन-येऊन केली. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत, आणि घरी माझ्या तोंडून शाळेतली मराठी निघाली की काका म्हणत, "पाह्य, पुस्तक बोलून राह्यलं." त्यांच्या मनात वाईट काही नसे. पण मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. पदवी झाल्यावर परीक्षांचा अभ्यास करायचा म्हणून घरी होते, आणि दिवसचे दिवस 'हो', 'नाई' आणि 'वाढू का' एवढ्यावर निघत.

दिवाळीनंतर आमच्या मधल्या खोलीत कापूस भरतात. ही खोली बैठक आणि मागची पडवी यांच्या मध्ये आहे. तिला दोन दारं, एक बैठकीकडे उघडणारं आणि एक पडवीकडे. वेचणी होईल तसा कापूस येत राहतो आणि खिडकीच्या गजांपर्यंत चढतो. बाबा तो लगेच विकत नाहीत. त्यांना काय पाहून विकावंसं वाटतं ते त्यांनाच ठाऊक, पण संक्रांत होईपर्यंत आणि कधी त्यापुढेही आम्ही त्या कापसासोबत राहतो. जेवताना ताटात तंतू सापडतात. कापसातल्या किड्यांनी हातांवर पुरळ उठतं. आईची मांजर मात्र हिवाळा आला की खिडकीखालच्या कापसात जाऊन बसायची, आणि तिला कोणी उठवायचं नाही. अकरा वर्षांची मांजर होती. घरात आईच्या पायापायात फिरणारं तेवढं एकच होतं.

कुत्री तीन वर्षांपूर्वी शेतातून बाबांच्या गाडीमागे पळत आली होती. आधीचा म्हातारा कुत्रा घरी होताच. त्यानं तिला ओट्यावर जागा दिली. मांजरीनं दिली नाही, पण दोघी एकमेकींना टाळून राहत. कुत्री ओट्यावर, मांजर घरात. अशी वाटणी होती.

ती वाटणी डिसेंबरातल्या एका सकाळी मोडली. पडवीकडचं दार रात्री उघडं राहिलं होतं. सकाळी पाहिलं तर कुत्रीनं कापसाच्या ढिगात, खिडकीखालीच, खड्डा उकरला होता आणि त्यात चार पिल्लं होती. भोवतीचा कापूस लाल-तपकिरी झाला होता.

"दादा, कापूस डागी झाला ना!" काका म्हणाले.

बाबा दारात उभे राहून पाहत होते. "झाला त झाला. तेवढा वेगळा काढीन. आता उठवू नका तिले. बाळंतीण हाय."

त्यांनी दुपारी डागी कापूस पोत्यात भरला, बाकीच्या ढिगाला बारदान्याचा आडोसा केला आणि तो कोपरा तिला सोडून दिला. दोन्ही दारांना कड्या लावायच्या, असं ठरलं. खिडकीला त्यांनी जाळी ठोकली, कारण पहिल्याच दिवशी मांजर नेहमीसारखी गजांतून आत आली होती आणि कुत्रीनं तिच्यावर अशी झेप घेतली की मांजर उलटी बाहेर पडली.

म्हाताऱ्या कुत्र्याला काही सांगावं लागलं नाही. तो एकदा पडवीकडच्या दाराशी गेला, आतून गुरगुरणं आलं, आणि तो मागे फिरला. त्या दिवसापासून तो फाटकाजवळ झोपायला लागला. पाणी प्यायला यायचं असलं तरी विहिरीकडून वळसा घालून यायचा. मांजरीला ते जमलं नाही. ती रोज बंद खिडकीखाली बसून वर पाहायची. आई म्हणायची, "तिची जागा गेली ना बिचारीची."

कुत्रीचं खाणं-पाणी माझ्याकडे आलं. मी मागितलं नव्हतं. मी तिच्या खोलीत जाऊ शकत होते, बाकीचे नाही, म्हणून आलं. मी जाऊन नुसती बसायची. तिच्याकडे पाहायचं नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, पाणी बदलायचं, खालचं बारदान बदलायचं. कधी पुस्तक घेऊन बसायची. फोनवर मी याबद्दल वाचलंही होतं, सगळं इंग्रजीत. पिल्लं लहान असताना कुत्री घरातल्या दुसऱ्या जनावरांवर धावते, ओळखीच्यांवरसुद्धा. तिला वेगळी खोली द्यावी, वेगळं खायला द्यावं, दार नीट बंद ठेवावं. काही आठवड्यांत हे आपोआप कमी होतं. आणि एक गोष्ट होती, जी मी दोन-तीनदा परत वाचली. कुत्री गुरगुरली तर तिला मारू नये, रागावू नये. गुरगुरणं म्हणजे ती आधी सांगते आहे. मार खाऊन तिचं सांगणं बंद होतं, चावणं बंद होत नाही.

ते मी वाचलं तेव्हा काकांनी तिला तीन वेळा मारलं होतं.

काका दुष्ट नाहीत. त्यांच्या सवयीनं त्यांना पडवीत जायला ती खोलीच जवळची वाटायची. दार उघडलं की ती गुरगुरायची आणि ते चपलेनं एक ठेवून द्यायचे. "आपल्याच घरात आपल्यावरच डोये वटारते! गुरगुरली का एक ठेवून देत जा. नाई त डोक्यावर बसन." एकदा मांजर बैठकीच्या दारापाशी आली आणि कुत्री आतून गुरगुरली, तेव्हा त्यांनी दार उघडून काठीनं मारलं. मी तिथंच, कुत्रीच्या बाजूला, वाडगं घेऊन उभी होते. काठी माझ्या पायाजवळून गेली. मला सांगायचं होतं. वाक्य डोक्यात तयार होतं, पण ते इंग्रजीतलं होतं. काकांना सांगायच्या भाषेत मी ते फिरवत राहिले, आणि तोवर काकांनी काठी कोपऱ्यात ठेवली होती.

मग एक दिवस ती गुरगुरायची थांबली. काका आले, गेले, तिनं नुसतं पाहिलं. कान मागे, अंग ताठ, आवाज नाही. काकू खूश झाली. "पाह्य, सुधारली का नाई!"

"मार सगळ्यायले सुधरवते," काका म्हणाले.

मी जेवत होते. मी आईकडे भाजी मागितली.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली असतील. डोळे उघडून आठवडा झाला होता आणि ती एकमेकांवर पडत-झडत चालत होती. त्या दुपारी आईच्या माहेरचे पाहुणे आले. लग्नाच्या पत्रिका वाटत निघाले होते. बैठकीत सात-आठ माणसं, चहा, चिवडा. मी ट्रे घेऊन गेले आणि परत फिरणार, तर आईच्या मामीनं माझा हात धरला.

"अवं थांब ना! इतके वर्ष इंग्लिश शाळेत शिकली तू. काही बोलून दाखव ना आम्हाले."

"बोल ना, लाजते काऊन?" दुसरी कोणी म्हणाली.

काका खुर्चीतून हसले. "थे मराठीतच नाई बोलत मामी, इंग्लिशमधी काय बोलन! पंतप्रधान आले तरी चहा देऊन अंदर जाईन."

सगळे हसले. आईसुद्धा. मीही हसले असेन, कारण असं झालं की मी हसते. मामीनं हात सोडला. बाहेर चपलांजवळ, घराच्या कडेच्या बोळीतून मागे जायच्या वाटेवर, दोन बायका बसलेल्या होत्या. त्यांच्यामधून जाणं मला जमलं नसतं. सगळ्यांचं लक्ष हसण्यात होतं, तेवढ्यात मी मधल्या खोलीचं दार उघडून आत शिरले. कुत्रीनं मान वर केली, मला ओळखलं, मान खाली ठेवली. मी कापसाच्या कडेनं पडवीत गेले.

मागचं दार मी ओढलं आणि त्याची कडी बाहेरून लावली. पुढच्या दाराला दोन्हीकडून कडी आहे; आतून ती मी लावली नाही. ती लोखंडी कडी जुनी आहे आणि लावताना ठण्ण वाजते. ती वाजली असती तर बैठकीत सगळ्यांना कळलं असतं की मी पळून गेले. म्हणून मी दार नुसतं लोटून घेतलं होतं, टेकेल असं. मला वाटलं, दोन मिनिटांनी बोळीतून पुढे येऊन बैठकीकडून लावून टाकीन. मग मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि दोन मिनिटांची किती झाली ते माहीत नाही.

आवाज आला तो मांजरीचा. कुत्रीचा नाही. एकच, लांब, आणि मग बैठकीतून खुर्च्या सरकल्याचे आवाज.

मी कडी काढून आत गेले तेव्हा काकांनी कुत्रीच्या तोंडावर बारदान टाकून तिला मागे दाबलं होतं. मांजर कापसात अर्धी रुतली होती. तिचा मागचा एक पाय भलतीकडे वळला होता. आईनं तिला लुगड्यात गुंडाळून उचललं. बाबांनी गाडी काढली, आई मागे बसली, आणि दोघं वर्ध्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. पाहुणे उभे राहून निरोप घ्यायला लागले.

बारदान काढल्यावर कुत्री पिल्लांजवळ जाऊन बसली. तिच्या ओठाला रक्त होतं. तिनं चारही पिल्लं हुंगून पाहिली, एकेकाला चाटलं. मला पाहून शेपटी हलवली.

"दार लोटून आली ना थे!" काका सगळ्यांना सांगत होते. "टपूनच बसली होती मांजरीवर. दाराशी आली असन बिचारी, हिनं दार उघडून ओढली अंदर."

"कडी होती ना?" पाहुण्यांपैकी कोणी विचारलं.

"जुनी कडी हाय. धक्क्यानं निंघते."

मी उंबरठ्याच्या आत उभी होते. कोणी मला विचारलं नाही, कारण मी तिथं असून नसल्यासारखीच असते. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

आई-बाबा अंधार पडता पडता आले. मांजर जगणार होती. पायाला टाके आणि प्लास्टर होतं, आणि पाय पूर्वीसारखा होणार नव्हता. आईनं तिला स्वयंपाकघरात जुन्या लुगड्याच्या टोपलीत ठेवलं. मग हात धुताना म्हणाली, "डाक्टर मलेच बोलले. म्हणे, पिल्लंवाली कुत्री घरात हाय त दार काऊन उघडं ठेवलं? म्या म्हटलं, आम्ही नाई ठेवलं जी, तिनंच उघडलं."

मी कणीक मळत होते. मळत राहिले.

जेवणं झाल्यावर आई बाबांना म्हणाली, "एक त थे राहीन या घरात, नाई त माही मांजर राहीन." माझी आई कधी काही मागत नाही. साडीही दुसऱ्यांनी पसंत केलेली घेते. त्यामुळे बाबांनी मान डोलावली.

काका म्हणाले, "आठ-दहा दिवसांनी कापसाची गाडी हाय. जामवरून हिंगणघाटले जाईन. तिच्यातच टाकतो तिले. जामले चौकात लय ढाबे हायेत. उपाशी नाई मरन."

"अन् पिल्लं?"

"पिल्लं खायला लागली हायेत. लोक नेतीन."

जामच्या चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना कापतात आणि दिवसरात्र ट्रक जातात. बसमधून जाताना कडेला काय पडलेलं असतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते कोणी बोललं नाही. "ढाबे हायेत," असं मात्र त्या दहा दिवसांत मी तीन-चार वेळा ऐकलं, प्रत्येक वेळी वेगळ्या तोंडून.

त्या दहा दिवसांत मी ते सगळं केलं जे आधी करायला हवं होतं. दोन्ही कड्या लावायच्या आणि लावल्यावर ओढून पाहायच्या. काका आत जायला निघाले की मी आधीच उठून बोळीकडचं फाटक उघडून धरायची. ते तिकडून जायला लागले. पिल्लं झोपली की कुत्रीला दोरीनं मागच्या आवारात फिरवून आणायची, सकाळ-संध्याकाळ, त्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. मांजरीच्या वासाची सवय व्हावी म्हणून तिच्या टोपलीतला फडका काढून कुत्रीच्या खाण्याच्या थाळीपासून हातभर लांब ठेवायचा, आणि रोज जरा जवळ आणायचा. पहिल्या दिवशी तिनं थाळीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी फडक्याच्या शेजारी बसून खाल्लं.

"आता काय शाळा घेऊन राह्यली तिची?" काकूनं विचारलं. "चार दिवसांची पाव्हणी हाय थे."

मी मान हलवली.

म्हातारा कुत्रा फाटकावरून विहिरीपर्यंत आला. एका सकाळी एक पिल्लू पडवीची पायरी उतरून त्याच्याकडे गेलं. मी दोरी आखडून धरली. कुत्री ताठ झाली. म्हाताऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं, डोळे मिटून घेतले आणि पिल्लाला आपलं पोट हुंगू दिलं. कुत्री पाहत राहिली. मग अगदी हळू, घशातल्या घशात, गुरगुरली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. म्हातारा उठून दोन पावलं मागे सरकला आणि तिथंच बसला. तीही बसली. बस, एवढंच झालं. मी मात्र कट्ट्यावर बसून रडले. कोणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं.

आईजवळ बोलायची संधी रोज मिळायची. ती मांजरीला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची आणि मी मांजरीचं डोकं धरायची. आमचे दोघींचे चेहरे एवढ्या जवळ एरवी कधी येत नाहीत. मी रोज ठरवून बसायची. एकदा मी तोंड उघडलंही.

"आई..."

"तू काऊन तोंड पाडून बसते रोज?" आई म्हणाली. तिचं लक्ष मांजरीच्या जिभेकडे होतं. "तुहा काय दोष हाय यात? तू नसती त तिनं याच्याआधीच खाल्लं असतं हिले."

मग मी काय बोलणार होते ते आत गेलं. इंग्रजीत ते वाक्य चार शब्दांचं होतं. फोनवर मी ते लिहूनही पाहिलं आणि पुसलं. त्या भाषेत ते सोपं वाटायचं, कोणीतरी दुसऱ्यानंच चूक केल्यासारखं. आईच्या भाषेत मात्र त्यात दार होतं, कडी होती, मामी होती आणि तिच्या मांडीवरचं हे प्लास्टर होतं.

गाडी शनिवारी आली. सकाळपासून माणसं मधल्या खोलीतून कापूस मोठ्या चादरींत बांधून बाहेर नेत होती. दर वर्षी खोली रिकामी झाली की मला ती आधीपेक्षा लहान वाटते. पिल्लं मी पडवीत टोपलीत ठेवली होती. कुत्री टोपली आणि खोली यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती. तिच्या खड्ड्याची जागा झाडून निघाली, तेव्हा तिनं तिथली फरशी हुंगली.

दुपारी गाडी भरली. बाबा मागे उभे राहून दोरांच्या गाठी मारत होते. आई ओट्यावर मांजरीला मांडीवर घेऊन बसली होती. उन्हात बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकू दारात उभी. काका दोरी घेऊन पडवीत गेले आणि कुत्रीच्या गळ्यात अडकवली. "चाल वं माय, चाल." ती गेली. ती काकांना घाबरत होती, तरी दोरी म्हटली की गेली, कारण दहा दिवस दोरी म्हणजे मागच्या आवारात फिरून परत पिल्लांजवळ येणं असं मी तिला शिकवलं होतं. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बोळीतून ती पुढे आली. ओट्याजवळून जाताना मांजर फिस्कारली आणि आईच्या पोटात शिरली. कुत्री थांबली. तिनं मांजरीकडे पाहिलं, मग मान वळवून बोळीकडे, पडवीकडे, जिथं पिल्लं कुंईकुंई करत होती तिकडे पाहिलं.

"एकदा दार उघडाची सवय लागली का जात नाई," काका चालकाला सांगत होते. "दिसते गरीब, पण..."

"काका, थांबा."

गाडीचं इंजिन सुरू होतं. कोणाला ऐकू गेलं नाही. मी ओट्याची पायरी उतरले आणि परत म्हणाले. यावेळी आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "काका, थांबा. दार तिनं नाई उघडलं. मी उघडं टाकलं होतं."

"काय म्हणते?"

"पाव्हणे आलते त्या दिवशी. मी त्या खोलीतून मागं गेली. कडी वाजन, सगळ्यायले समजन, म्हणून लावली नाई मी."

काकूनं तोंडावर पदर घेतला. आईचा हात मांजरीच्या पाठीवर होता, तो तसाच राहिला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बाबांच्या हातात अर्धी गाठ होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाठ पुरी केली, दोराला हिसका देऊन तपासलं आणि चालकाला म्हणाले, "तू काढ गाडी. कुत्री नाई येत."

गाडी गेली. काका दोरी धरून तसेच उभे होते. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. आणि वाईट वाटलं की ते वाद घालतात.

"दार कोणंही उघडलं असन, दादा. पण दुसरी कुत्री आधी गुरगुरते तरी. हे चूपचाप तोडते. उद्या कोणाच्या लेकराले धरलं म्हणजे काय करता?"

आई पहिल्यांदाच बोलली, हळू, मांजरीकडे पाहूनच. "हो ना. जरा गुरगुरली असती, त माही मांजर पळाली असती."

मी जाऊन आईच्या समोर उभी राहिले. ती वर पाहीपर्यंत थांबले.

"थे गुरगुरत होती, आई. गुरगुरली का काका मारत होते, म्हणून तिनं सोडून देल्लं. मारू नका, असं सांगाले पाह्यजे होतं. मी वाचलं होतं, मले माहीत होतं. मी तिथंच उभी होती, अन् मी नाई सांगितलं."